दुसऱ्यांदा केलेली खूण

वेस्टरबी गावात चारी बाजूंना स्टॉपची लाल पाटी असलेली चौफुली एकच आहे. तिच्या एका कोपऱ्यावर बँक, दुसऱ्यावर ल्युथरन चर्च, तिसऱ्यावर बियाण्यांचं दुकान आणि चौथ्यावर काहीच नाही. दिवसभरात तिथे फार तर दोनशे गाड्या येत असतील, पण जेवढा वेळ तिथे वाया जातो तेवढा मिनियापोलिसच्या हमरस्त्यावरही जात नसेल. कारण आधी जायला कोणी तयारच नसतं. चार बाजूंनी चार गाड्या येऊन थांबतात, चारी गाड्यांतली माणसं एकमेकांकडे बघून मान डोलावतात आणि मग हातवारे सुरू होतात. तुम्ही जा. छे, तुम्ही जा. अहो, तुम्हीच आधी आला होतात. शेवटी दोघं एकदम निघतात, एकदम ब्रेक मारतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं चालू. आमच्याकडच्या माणसाला काहीही करायला सांगा, तो करेल. फक्त दुसऱ्याच्या आधी जायला सांगू नका.

ऑरलिन हॉगस्टाडला या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. हिवाळाभर तो हायस्कूलात पोरांना सुतारकाम शिकवायचा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी चालवायला. एकतीस वर्षं त्याने हे केलं. गावात पंचेचाळिशीच्या आतलं जे कोणी गाडी चालवतं, ते आधी ऑरलिनच्या शेजारी बसून घामाघूम झालेलं आहे. माणूस उंच, खांद्यात जरा वाकलेला, आवाज कधी चढणार नाही, पण ज्या गोष्टीवर अडला तिथून तसूभर हलणार नाही असा. वर्गाच्या पहिल्या दिवशी तो फळ्यावर एक मोठी फुली काढायचा आणि खडू खाली ठेवायचा.

"जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. दोघं बरोबर आले तर उजव्या हाताचा आधी जाणार. आणि मोठा रस्ता असेल, पाटी फक्त तुमच्याच बाजूला असेल, तर मोठ्या रस्त्यावरचं सगळं संपेपर्यंत तुम्ही मुकाट उभं राहणार. यात चांगुलपणाचा काही संबंध नाही. चांगुलपणा चर्चमध्ये करा."

मग कोणीतरी विचारायचंच, "पण सर, समोरच्यानं हात करून जा म्हटलं तर?"

"तर जायचं नाही. हात म्हणजे कायदा नाही. त्याच्या मागून कोण येतंय ते त्याला दिसत नसतं आणि तुम्हालाही दिसत नसतं. हात बघून गाडी काढलीत, पाच गुण गेले. दुसऱ्याला हात केलात, तरी पाच गुण गेले."

त्याचं हे पाच गुणांचं प्रकरण वर्गाबाहेरही चालायचं. रस्त्यात कुठे जुना विद्यार्थी समोर आला की हा मुद्दाम गंभीर चेहरा करून त्याला हाताने जा म्हणून खुणावायचा. बिचारा निघाला, की हा काच खाली करून म्हणायचा, "पाच गुण गेले." बँकेचा मॅनेजर यात दोनदा सापडला होता. ज्यांना सवय झाली होती ते हसून नाही म्हणून मान हलवायचे आणि जागचे हलायचे नाहीत. ऑरलिनच्या आयुष्यात थट्टा म्हणावी अशी ही एवढीच गोष्ट, त्यामुळे गावानेही ती सांभाळली होती.

डॅग्नी टॉलफ्सन त्याच्याकडे आधी सुतारकामाला आली. त्या वर्षी वर्गात चौदा मुलगे आणि ही एकटी मुलगी. तिने पाव ठेवायची पेटी केली, कोपऱ्यांचे सांधे इतके चोख की ऑरलिनने ती पेटी उलटीसुलटी करून बघितली आणि काहीच बोलला नाही, म्हणजे खूश झाला. त्याला आणि त्याच्या बायकोला, आर्डिसला, मूल नव्हतं. आर्डिस एकदा म्हणाली होती, "तू त्या पोरीचं नाव जेवताना दोनदा घेतलंस." त्यावर त्याने बटाट्याचं भांडं पुढे ओढलं.

डॅग्नीची आई रेने शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तीही ऑरलिनचीच विद्यार्थिनी. डॅग्नी चार वर्षांची असताना नवरा कामासाठी म्हणून फार्गोला गेला आणि तिकडचाच झाला. मायलेकी दोघीच. पंधरा पुरी होऊन डॅग्नी गाडी शिकायला आली तेव्हा तिचा एकच दोष होता. ती स्टॉपच्या पाटीशी थांबली की थांबूनच राहायची. डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, पुन्हा डावीकडे बघायची. रेने हसून सांगायची, "सर, हिच्याबरोबर दुकानाला निघालं की दुकान बंद झाल्यावर पोचतो आम्ही."

"रस्ता मोकळा होता, डॅग्नी," ऑरलिन म्हणायचा.

"मोकळा असला की मला जास्त भीती वाटते, सर. वाटतं, कोणीतरी येतच असणार."

"बरं. मग तसंच वाटू दे," तो म्हणाला होता.

लायसन्स तिला सोळा पुरी झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिळालं. आजोबांची जुनी बदामी गाडी तिच्या वाट्याला आली आणि गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात संध्याकाळी जेवणाची ताटं पोचवायचं काम तिने धरलं.

आमच्याकडे ऑक्टोबरात साखरेच्या बीटची काढणी असते. ते दोन-तीन आठवडे ट्रक थांबत नाहीत. त्या गुरुवारी दुपारी साडेतीनला ऑरलिन शाळेतून पिकअप घेऊन मोठ्या रस्त्याने घरी चालला होता. त्याच्या घराचा लहान रस्ता डावीकडे फुटतो. स्टॉपची पाटी त्या लहान रस्त्याला आहे, मोठ्या रस्त्याला नाही. समोरून बीटचे दोन ट्रक येत होते म्हणून डावा दिवा लावून तो मधेच थांबला. ट्रक गेले. आता वळायचा हक्क त्याचा होता आणि त्याने वळायला हवं होतं. पण लहान रस्त्याच्या तोंडाशी, पाटीजवळ, बदामी गाडीत डॅग्नी उभी होती. तिला मोठा रस्ता ओलांडून पलीकडे कामावर जायचं होतं. केस घट्ट बांधलेले, अंगावर आश्रमाचा निळा झगा, दोन्ही हात स्टिअरिंगवर जिथे असायला हवेत तिथेच. ही पोरगी आता संध्याकाळपर्यंत इथेच उभी राहणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला तिचं फार कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर माया आली. आणि एकतीस वर्षं ज्याच्यासाठी त्याने लोकांचे गुण कापले, तेच त्याने केलं. हात उचलून तिला जा म्हटलं.

डॅग्नी हसली. तिने नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं, सर नेहमीची थट्टा करतायत.

ऑरलिनही हसला. आणि त्याने दुसऱ्यांदा खूण केली, या वेळी भुवया उंचावून, ओठांनी 'खरंच, जा' म्हणत.

मागून लीलंड क्योसचा भरलेला ट्रक येत होता. वळणाऱ्या गाडीमुळे मागच्यांचं अडू नये म्हणून त्या ठिकाणी रस्ता उजवीकडे रुंद केलेला आहे, आणि तिथून पुढे निघणं अगदी रीतसर आहे. लीलंड तसाच निघाला. मधे ऑरलिनची पिकअप असल्यामुळे त्याला डॅग्नी दिसली नाही आणि डॅग्नीला तो दिसला नाही. ती पिकअपच्या समोरून पलीकडे गेली, जाताना तिने ऑरलिनकडे बघून आभाराची मान डोलावली. एवढं त्याने पाहिलं. बाकीचंही त्याने पाहिलं, पण ते मी सांगणार नाही.

पोलीस आला तो त्याचाच जुना विद्यार्थी, गेलन. त्याने वही उघडली. मग म्हणाला, "सर, काय दिसलं तुम्हाला?"

"तिनं गाडी पुढे काढली," ऑरलिन म्हणाला.

हे खरं होतं. गेलनने लिहून घेतलं. अहवालात आलं, चालक मुलीने मोठ्या रस्त्यावरच्या वाहनाला वाट दिली नाही. साप्ताहिकात तेच छापून आलं आणि गावाने तेच धरलं. आमच्याकडे खोटं बोलायची पद्धत नाही, गप्प बसायची आहे. आणि गप्प बसलेल्या माणसाला खोदून विचारायची तर मुळीच नाही.

अंत्यविधीला ऑरलिन सगळं सांगायचं ठरवून गेला होता. चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे सँडविच मांडले होते, गाव रांगेत उभं होतं. रेने रांगेतून मागे येत थेट त्याच्यापाशी आली आणि तिने त्याच्या कोटाची बाही धरली.

"सर, तुम्ही शिकवायला काही कमी केलं नव्हतं. तिचीच चूक झाली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

तो तोंड उघडून उभा राहिला. मागच्या बाईने रेनेच्या खांद्यावर हात ठेवला, रेने तिच्याकडे वळली आणि वेळ निघून गेली. एवढ्याशा वेळात माणूस जन्मभरासाठी भित्रा ठरू शकतो, हे मी ऑरलिनवरून सांगतो, आणि त्याला शिव्या घालायची माझी तयारी आहे, पण त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात रेने गरम बटाट्या-खिम्याचं भांडं घेऊन लीलंड क्योसच्या दारात गेली. आपल्या मुलीमुळे तुमच्या जिवाला घोर लागला म्हणून तिने त्या नवरा-बायकोची माफी मागितली. लीलंडने हे ऑरलिनला धान्याच्या कोठारापाशी सांगितलं. सांगताना तो साठीचा गडी पिकअपच्या दाराला धरून रडत होता. "पोरगी मेली तिची आणि माफी ती मागतेय, ऑरलिन. ते भांडं आम्ही उघडलंसुद्धा नाही."

त्या दिवशी घरी येऊन ऑरलिनने आर्डिसला सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली, तिने टेबलावरचे नसलेले कण गोळा केले.

"सांगून ती परत येणार आहे का?"

"नाही."

"मग? निदान तू तिला चांगलं शिकवलंस एवढा तरी रेनेला आधार आहे. तोही काढून घेणार आहेस?"

"तो आधार खोटा आहे, आर्डिस."

"असू दे," आर्डिस म्हणाली. आर्डिस वाईट बाई नव्हती. तिला नवऱ्याची काळजी वाटत होती, की तो सांगेल आणि मग कोलमडेल. पण न सांगताही तो कोलमडतच होता. रोज सकाळी त्याच वळणावरून त्याला जावं लागायचं. त्याने पंधरा मिनिटांचा वळसा घालून दुसरा रस्ता धरला.

तेव्हापासून एक गोष्ट मात्र त्याच्या मानेवर बसली ती उतरली नाही. मुलगी मातीत होती आणि तिच्या डोक्यावर चूक होती त्याची. तो एक वाक्य बोलला असता तर ती उतरली असती. दर रविवारी चर्चमध्ये रेने दोन बाकं पुढे बसायची, दर रविवारी तो ठरवायचा, आणि प्रार्थना संपली की लोक एकमेकांना तब्येत विचारायला लागायचे.

मे महिन्यात रेने शाळेच्या सुतारखान्यात आली. हातात पाकीट होतं. त्यात डॅग्नीचा शाळेतला फोटो.

"सर, जूनला तुमचा गाडीचा वर्ग सुरू होतोय ना?"

"हो."

"त्या पोरांना तुम्ही डॅग्नीचं सांगा. तिनं काय चूक केली ते. फळ्यावर काढून दाखवा. मी मागे बसेन. माझं काय व्हायचं ते झालं, पण दुसऱ्या कोणाचं पोर तरी घाई करायचं नाही." तिने पाकीट पुढे केलं. "सांगाल ना? मला दुसरं काही करता येत नाहीये."

नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्याने पाकीट घेतलं.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी वर्गात एकोणीस मुलं होती. मागच्या बाकावर रेने, चर्चला घालायच्या कपड्यांत. फोटो फळ्याखालच्या पट्टीवर ठेवलेला. ऑरलिनने फुली काढली. लहान रस्त्यावर एक चौकोन, डॅग्नीची गाडी. मोठ्या रस्त्यावर एक चौकोन, त्याची स्वतःची पिकअप, वळायला थांबलेली. तिच्या मागे एक मोठा चौकोन, ट्रक. तो फळ्याकडे तोंड करून बोलत होता. पाटी इथे. तिला पलीकडे जायचं होतं. तिने गाडी पुढे काढली. ट्रक इथून आला.

"म्हणून थांबायचं," तो म्हणाला. "मोठ्या रस्त्यावरचं संपेपर्यंत थांबायचं."

मधल्या रांगेतल्या ब्रिटा नावाच्या मुलीने हात वर केला. शेतकऱ्याची मुलगी, दहा वर्षांची असल्यापासून ट्रॅक्टर चालवणारी.

"सर, पण ट्रकचं नंतरचं ना. आधी तर तुम्हीच होता समोर. तुम्हाला वळायचं होतं, तुमचा हक्क आधी. मग ती तुमच्या आधी निघालीच कशी?"

आठ महिन्यांत हा प्रश्न गावात एकानेही विचारला नव्हता. पोलिसानेही नाही.

ऑरलिन फळ्याकडेच बघत होता. खडू त्याच्या हातात होता.

"ती निघत नव्हती," तो म्हणाला. "मी तिला हात केला."

तो मुलांकडे वळला, पण बोलला मागच्या बाकाशी.

"मी हातानं जा म्हटलं. ती हसली आणि नाही म्हणाली. तिला वाटलं मी थट्टा करतोय, ती बरोबर शिकली होती. मग मी पुन्हा हात केला. खरंच जा, म्हटलं. मी होतो म्हणून ती गेली. दुसरं कोणी असतं तर ती तिथेच उभी राहिली असती. तिनं घाई केली नाही, रेने. घाई तिला माहीतच नव्हती. हे मी पोलिसाला सांगितलं नाही, आणि तुलाही नाही."

रेने उठली. बाकांच्या मधून चालत ती पुढे आली, तिने पट्टीवरचा फोटो उचलला, बाहीने त्यावरची खडूची धूळ पुसली आणि बाहेर गेली. ऑरलिन तिच्यामागे गेला. शाळेच्या मागच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ती उभी होती.

"सर, मला एक सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "नियमानं चूक कोणाची?"

त्याने हातातला खडू खिशात टाकला.

"तुम्हीच शिकवलंय मला. सांगा."

"नियमानं तिची," ऑरलिन म्हणाला. "हात म्हणजे कायदा नाही. पण रेने..."

"पण नको." तिने फोटो छातीशी धरला. "मी तिला किती बोलले माहितीये तुम्हाला? रोज. भांडी घासताना, अंथरुणात, रोज. म्हटलं, बये, जन्मभर थांबलीस, मला दुकानात उशीर केलास, चर्चला उशीर केलास, आणि त्या एका दिवशी तुला दोन मिनिटं जमलं नाही? मी तिच्यावर चिडले होते, सर. मेलेल्या पोरीवर चिडले होते. थडग्याशी गेले तरी बोलायचे नाही तिच्याशी."

"मला माफ..."

"एप्रिलमध्ये तिच्या खोलीत गेले. म्हटलं, तुला माझी पर्वा नव्हती ना, मग मी तरी हे कशाला सांभाळू. सगळे कपडे खोक्यांत भरले आणि चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन टाकले. एक मोजाही ठेवला नाही. लोक म्हणाले, रेने आता सावरतेय." ती त्याच्याकडे बघत होती. "मी सावरत नव्हते. राग आला होता मला."

मग ती स्वयंपाकघरात गेली, कारण उन्हाळी वर्गाच्या मुलांच्या जेवणाची वेळ झाली होती.

ऑरलिन त्या दिवशी गेलनकडे गेला आणि त्याने नवा जबाब लिहून दिला. गेलनने तो वाचला, घडी करून फाइलीत ठेवला. "सर, मी हे लावून ठेवतो. पण शेरा बदलत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे." ऑरलिनला ठाऊक होतं. त्याने शाळेला चिठ्ठी दिली आणि गाडीचा वर्ग सोडला. शाळा म्हणाली, अहो असं काय करता, राहा. तो राहिला नाही.

मग त्याने दुसरं काम धरलं. एप्रिलच्या त्या विक्रीत टेबलांवर कपडे लावायला आर्डिस होती. कोणी काय नेलं ते तिला बरंचसं आठवत होतं. तिने न बोलता एका कागदावर नावं लिहिली, आणि शेवटचं नाव लिहून झाल्यावर पेन तिथेच टाकून ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तो कागद घेऊन ऑरलिन घरोघर हिंडला. वेस्टरबीत, मग शेजारच्या दोन गावांत, मग शेतांवरच्या सुट्या घरांत. प्रत्येक दारात त्याला सांगावं लागे की त्याला तो स्कर्ट किंवा ती पँट का हवी आहे. प्रत्येक दारात तो सगळंच सांगायचा. मी हात केला, ती नाही म्हणाली, मी पुन्हा हात केला. मोघम सांगून चाललं असतं, पण त्याने मोघम सांगितलं नाही. आणि लोक म्हणायचे, "ऑरलिन, तुला काय माहीत होतं? तू चांगुलपणानंच केलंस. ये, कॉफी घे." एखाद्याने तोंडावर दार आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तसं कोणी केलं नाही.

बरंच मिळालं नाही. एका फ्रॉकच्या चिंध्या करून झाल्या होत्या, जीनची पँट कापून तोकडी झाली होती, कोट कोणाच्या तरी भाचीबरोबर डकोटाला गेला होता. जुलैच्या अखेरीस एका शेतावर त्याला निळापांढरा लोकरी स्वेटर सापडला. रेनेच्या आईने, मरायच्या आदल्या वर्षी, नातीसाठी विणलेला, पुढे बटणांऐवजी चंदेरी आकड्या असलेला. त्या घरची मुलगी माडीवर जाऊन तो घेऊन आली. आईने त्याला कागदात गुंडाळून दिला.

रेने दारात आली. तिने त्याला आत बोलावलं नाही. त्याने पुडकं पुढे केलं, तिने कागद तिथल्या तिथे उलगडला आणि खाली पडू दिला. स्वेटर बघून तिच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता. तिने दोन्ही हातांनी तो उचलला आणि त्यात तोंड खुपसलं. आधी गळ्यापाशी, मग काखेत, मग बाह्यांत. ऑरलिन टोपी हातात घेऊन पायरीवर उभा होता. शेजारच्या अंगणात कोणीतरी गवत कापत होतं, ते यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, तरी रेनेने तोंड वर काढलं नव्हतं.

शेवटी तिने मान वर केली.

"धुतलाय त्यांनी," ती म्हणाली.

"हो. धुऊनच घातला असणार."

"त्यांचं काय चुकलं. कोणीही धुणारच." तिने स्वेटरची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, आकड्या एकावर एक आणल्या. "तिच्या कपाटात वास होता, सर. दार उघडलं की यायचा. एप्रिलपर्यंत होता."

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही.